काठी कोणाच्या हातात? जोयड्याचे सिद्दी, खाकी गणवेश आणि बळाचा वापर

पन्हाळगडाला १६६० साली वेढा घालून शिवाजी महाराजांची वाट अडवणारा सिद्दी जौहर मराठी शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्याच्या आधी निजामशाहीचा कारभार हाकणारा मलिक अंबर तर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. खडकी शहर त्याने वसवले, जमीनधाऱ्याची पद्धत बसवली आणि मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणले. जंजिऱ्याच्या सिद्दींचे राज्य १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. दख्खनच्या इतिहासात आफ्रिकी वंशाचा माणूस भेटतो तो बहुधा शस्त्र हाती असलेला, हुकूम सोडणारा.

याच वंशाची दुसरी शाखा मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. पोर्तुगीजांनी मोझांबिकच्या बाजूने माणसे पकडून गोव्यात आणली, घरकामाला आणि मळ्यांवर जुंपली. त्यांतले कित्येक संधी साधून घाट चढले आणि काळी नदीच्या खोऱ्यातल्या दाट रानात शिरले. काही जण दख्खनच्या सुलतानांच्या फौजांमधूनही आले असावेत, असे अभ्यासक मानतात. त्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, जोयडा, मुंडगोड, अंकोला, शिरसी या तालुक्यांत विखुरलेले आहेत. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. घरात कोंकणी-मराठीच्या वळणाची बोली, बाजारात कन्नड. शेतमजुरी, सुपारीच्या बागेतले काम आणि रानातली वेचणी यांवर पिढ्या गेल्या. जौहर आणि अंबर यांच्या या भाऊबंदांनी गेल्या दीड-दोनशे वर्षांत सरकारची काठी पाहिली ती समोरून.

काठी चालवणाऱ्यांच्या रांगेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काठीचा हुकूम देणाऱ्याच्या खुर्चीत, काठी खाणाऱ्यांच्या समाजातला माणूस बसला तर काही फरक पडतो का? अमेरिका-ब्रिटनमध्ये या प्रश्नावर अर्धे शतक संशोधन चालू आहे. तो जोयड्याला लावून पाहिला की उत्तराचे कंगोरे नीट दिसतात.

रानातला कायदा

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. क्षेत्रफळाने मोठा, वस्तीने विरळ असा हा मुलूख पश्चिमेला गोव्याला आणि उत्तरेला खानापूरला भिडतो. कुणबी, सिद्दी, गवळी-धनगर, मराठा अशी वस्ती आणि चहूकडे रान. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला. २०१५ पासून त्याचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प.

जोयडा आणि रामनगर इथे पोलीस ठाणी आहेत, पण वाडीवरच्या माणसाला कायदा रोज भेटतो तो ‘फॉरेस्टवाल्यां’च्या रूपात. गार्ड, फॉरेस्टर, रेंजर यांना अटकेचे, झडतीचे, जप्तीचे अधिकार आहेत. पोलिसांच्या बळाची चर्चा करताना हा दुसरा गणवेश विसरून चालत नाही. आणि या गणवेशासमोर येणारे बहुतेक ‘गुन्हे’ बारीकसारीक असतात: सुकी लाकडे, मध, पालापाचोळा, शेतालगत चार हात वाढवलेली जमीन, पडवीला घातलेले नवे वासे. कायद्याच्या पुस्तकात यांतले बरेच काही गुन्हा ठरू शकते. प्रत्यक्षात गुन्हा नोंदवायचा, दटावून सोडायचे, की दोन फटके लगावून कोयता काढून घ्यायचा, हे समोरच्या गार्डच्या मर्जीवर असते.

ही मर्जी सगळ्यांना सारखी लागू होत नाही, याची मुळे जुनी आहेत. इंग्रजांनी १८७८ च्या वनकायद्यानंतर रान राखीव करत नेले आणि जंगल तोडून-जाळून केली जाणारी कुमरी शेती आवळली. त्याच वेळी शिरसी-यल्लापूर पट्ट्यातल्या सुपारीबागांच्या मालकांना मात्र पालापाचोळ्यासाठी ‘बेट्टा’ जमिनींची सवलत मिळाली: एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत रान. त्याच बागेत राबणाऱ्या भूमिहीन सिद्दी मजुराला तशी काहीच सवलत नव्हती. रान एकच आणि पानही एकच, पण मालकाने उचलले तर हक्क आणि मजुराने उचलले तर चोरी.

गोरे गेले, काठी राहिली

‘वरचे साहेब आपल्यातले झाले की जुलूम थांबेल’ ही कल्पना आपल्याकडे एकदा अगदी मोठ्या प्रमाणावर आजमावली गेली आहे. उत्तर कन्नड १८६२ साली मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत तिथेच होता. त्या इलाख्याच्या पोलीस दलाचा साचा मूळचा आयरिश. चार्ल्स नेपियरने १८४३ साली सिंधमध्ये आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभे केले आणि दहा वर्षांत मुंबईने ती पद्धत उचलली. वस्तीपासून तोडलेले, लष्करी शिस्तीचे, जनतेऐवजी सरकारला जबाबदार असे हे दल होते. शिपाई एतद्देशीय, साहेब युरोपियन. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलिसांच्या जुलमावर आणि लाचखोरीवर कडक ताशेरे ओढले. तरीही वरच्या जागा युरोपियनांकडेच ठेवून हिंदी माणसासाठी उपअधीक्षकाचे पद सुचवले.

१५ ऑगस्ट १९४७ ला ही वंशाची उतरंड कोसळली. जे. एस. भरुचा हे मुंबईचे पहिले भारतीय पोलीस आयुक्त झाले. जगात कुठेही पोलीस नेतृत्वाचा वंश इतक्या झटपट आणि इतक्या पुरता बदलला नसेल. मग काय झाले? आठच वर्षांनी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पुढच्या जानेवारीत पुन्हा गोळीबार झाले. हुतात्मा चौकातले स्मारक १०६ जणांचे आहे. हुकूम देणारे भारतीय, झाडणारे भारतीय, पडणारे भारतीय. दलाची घडण, गोळीबाराचे नियम आणि जाब विचारण्याची पद्धत गोऱ्या अमदानीतलीच होती. चेहरा बदलला म्हणून बंदुकीची सवय बदलली नाही.

शिकागोचे आकडे, मेम्फिसचा धडा

म्हणजे चेहऱ्याने काहीच फरक पडत नाही? तसेही नाही. शिकागोच्या सुमारे सात हजार पोलिसांच्या कामाच्या नोंदी तपासून बोकार बा, डीन नॉक्स, जोनाथन मुमोलो आणि रोमन रिव्हेरा या संशोधकांनी २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्याच भागात, त्याच वेळेच्या पाळीवर असलेल्या गोऱ्या आणि काळ्या पोलिसांची त्यांनी तुलना केली. काळ्या पोलिसांनी लोकांना अडवण्याचे प्रमाण कमी होते, अटकाही कमी होत्या आणि बळाचा वापर जवळपास एक तृतीयांशाने कमी होता. पण ही घट मुख्यतः किरकोळ बाबींतली होती: संशयावरून अडवणे, क्षुल्लक कारणावरून पकडणे. गंभीर, हिंसक गुन्ह्यांच्या अटकांत फरक फारसा नव्हता. जिथे कायदा पोलिसाच्या मर्जीवर सोडतो, तिथे पोलीस कोण आहे याला महत्त्व येते. जोयड्याच्या रानातले बहुतेक प्रसंग याच जातीचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

हा अभ्यास रस्त्यावरच्या शिपायांचा. वरच्या खुर्चीचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. मिनियापोलिसमध्ये मेडेरिया अराडोंडो २०१७ साली पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख झाले. त्याआधी दहा वर्षे याच माणसाने आपल्याच खात्यावर वर्णभेदाचा खटला भरला होता. तरी त्यांच्याच कारकिर्दीत, २५ मे २०२० ला, त्यांच्याच खात्यातल्या डेरेक शॉव्हिनच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. एक प्रमुख बदलला म्हणून खात्याच्या अंगवळणी पडलेली रीत तीन वर्षांत सुटली नव्हती. मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या प्रसंगातल्या चारही पोलिसांना नोकरीतून काढले आणि २०२१ च्या खटल्यात शॉव्हिनने खात्याचे नियम मोडले अशी साक्ष स्वतः दिली. पोलीसप्रमुखाने आपल्या माणसाविरुद्ध असे उभे राहणे अमेरिकेतही दुर्मीळ.

मेम्फिसने उलटी बाजू दाखवली. तिथे पोलीसप्रमुख सेरेलिन डेव्हिस कृष्णवर्णीय. जानेवारी २०२३ मध्ये टायर निकोल्स या कृष्णवर्णीय तरुणाला मारहाण करून त्याच्या मृत्यूला कारण ठरल्याचा आरोप ज्या पाच पोलिसांवर आला, तेही सगळे कृष्णवर्णीय. ते ज्या ‘स्कॉर्पियन’ नावाच्या खास पथकात होते, ते डेव्हिस यांच्याच कारकिर्दीत, २०२१ साली, उभे राहिले होते. गुन्हेगारीवर झडप घालण्यासाठी मोकळीक दिलेले पथक ते. मोकळीक तीच राहिली तर कातडीचा रंग संरक्षण देत नाही.

आयर्लंडने काय केले

ज्या आयरिश साच्यातून आपले पोलीस घडले, त्याच साच्याची मोडतोड उत्तर आयर्लंडने केली, ती कशी हे पाहण्याजोगे आहे. तिथल्या पोलीस दलात प्रोटेस्टंटांचा भरणा होता, कॅथलिक जेमतेम आठ टक्के. शांतता करारानंतर नेमलेल्या पॅटन आयोगाचा अहवाल १९९९ साली आला आणि २००१ साली दलाचे नाव, चिन्ह, शपथ सगळे बदलले. पुढची दहा वर्षे नव्या भरतीत निम्म्या जागा कॅथलिकांना, निम्म्या इतरांना. २०११ साली ही सक्ती संपली तेव्हा कॅथलिकांचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले होते.

भरतीच्या या आकड्यांचीच चर्चा जास्त होते. पण तिथे आणखी एक गोष्ट झाली: पोलिसांच्या बाहेरचा, स्वतंत्र तपास यंत्रणा हाताशी असलेला पोलीस लोकपाल. पोलिसाने गोळी झाडली की चौकशी त्याच्याकडे जाते. भरती आणि जाब या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हलवल्या, म्हणून तो बदल टिकाऊ ठरला.

दिल्ली आणि गडचिरोली

वेगळ्या चेहऱ्याच्या भारतीयाला परका समजण्याची खोड आपल्या शहरांत जुनी आहे. बंगळुरूत शिकायला किंवा मजुरीला गेलेल्या सिद्दी तरुणांना आफ्रिकी समजून ‘पासपोर्ट दाखव’ म्हटले गेल्याचे अनुभव त्यांनी वेळोवेळी सांगितले आहेत. याच बंगळुरूत ऑगस्ट २०२१ मध्ये काँगोचा एक तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. हृदयविकाराने मृत्यू झाला, असे पोलिसांचे म्हणणे होते. ठाण्यासमोर जमलेल्या आफ्रिकी तरुणांवर लाठीमार झाला. अशा वातावरणात सिद्दी माणसाला आपले भारतीयत्व खिशात बाळगून फिरावे लागते.

ईशान्येकडच्या लोकांच्या बाबतीत दिल्लीने या दुखण्यावर काही उपाय केले. अरुणाचलचा निदो तानिया हा विद्यार्थी जानेवारी २०१४ मध्ये मारहाणीनंतर मरण पावला. मग नेमलेल्या बेझबरुआ समितीने दिल्ली पोलिसांत ईशान्येच्या तरुणांची भरती, खास पथक, मदत क्रमांक अशा शिफारशी केल्या. अरुणाचलचे रॉबिन हिबू हे वरिष्ठ आयपीएस अधिकारी या कामाचा चेहरा बनले. तक्रारदाराची भाषा कळणारा माणूस वर असल्याने तक्रार निदान नोंदवली जाऊ लागली.

गडचिरोलीचा अनुभव मात्र सावध करणारा. तिथे १९९० साली उभ्या राहिलेल्या सी-६० पथकात स्थानिक, त्यात आदिवासी, तरुण घेतले गेले. हेतू उघड होता: रान ओळखणारा, गोंडी-माडिया बोलणारा माणूस नक्षलवाद्यांशी लढताना उपयोगी. म्हणजे ही भरती बळ अधिक प्रभावी करण्यासाठी होती, कमी करण्यासाठी नव्हे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये तर अल्पशिक्षित आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी म्हटले गेले. नंदिनी सुंदर खटल्यात ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तळाच्या पायरीवर आपला माणूस, वर मात्र हुकूम परक्याचा, असे चित्र असेल तर त्याला प्रतिनिधित्व म्हणता येत नाही. काळी व्याघ्र प्रकल्पासारख्या जंगलांत रोजंदारीवर घेतलेले वॉचर आणि शिकारविरोधी तळांवरचे मजूर बहुधा याच पायरीवर थांबतात.

राखीव जागांचे गणित

कागदावर पाहिले तर कर्नाटकची बाजू भक्कम आहे. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या पाहणीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या पोलिसांतल्या राखीव जागा पुरत्या भरणारे राज्य म्हणून कर्नाटकाचेच नाव येते. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासींचे प्रमाण सात टक्क्यांना टेकले होते, तरी नोकऱ्यांतला वाटा अनेक वर्षे तीनच टक्के होता. २०२२ मध्ये तो सातवर आला.

पण हा सगळा वाटा एकाच टोपलीतला. उत्तर कर्नाटकात लाखोंनी असलेला नायक-वाल्मिकी समाज आणि काही हजारांतले सिद्दी त्याच सात टक्क्यांसाठी झगडतात. टोपली भरली म्हणून सिद्दीच्या पानात पडलेच असे होत नाही. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जाच मुळी २००३ साली मिळाला. धारवाड-बेळगावच्या सिद्दींना २०२० साली. त्याआधी १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलांना धावपटू म्हणून घडवण्याची योजना काढली होती. तिच्यामुळे काहींना सरकारी नोकरीची वाट दिसली, पण १९९३ मध्ये ती बंद पडली. शांताराम सिद्दी यांची २०२० साली कर्नाटक विधान परिषदेवर नेमणूक झाली, तेव्हा या समाजाचा माणूस पहिल्यांदा राज्याच्या सभागृहात बसला.

जोयड्यातल्या कुणब्यांची अडचण आणखी वेगळी. २००३ च्या ज्या दुरुस्तीने सिद्दींना यादीत घेतले, तिनेच गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांनाही अनुसूचित जमाती ठरवले. घाटाच्या अलीकडचा, त्यांच्याच सोयऱ्यांतला जोयड्याचा कुणबी मात्र कर्नाटकाच्या यादीत नाही. त्याचा परिणाम नोकरीपुरता राहत नाही. वन हक्क कायद्याखाली अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. शिवाय अनुसूचित जमातीच्या माणसाला अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच मिळते आणि त्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. कुणब्याला हे दोन्ही नाही. ज्याचा दावा फेटाळला गेला तो ‘अतिक्रमणदार’, आणि बळाचा पहिला रोख अतिक्रमणदारावरच असतो. यादीतली एक ओळ ठरवते की एखाद्या घराशी सरकार हक्कदार म्हणून बोलेल की आरोपी म्हणून.

मग मागायचे काय?

या सगळ्या अनुभवांतून तीन निष्कर्ष ठामपणे काढता येतात. पहिला: रोजच्या किरकोळ प्रसंगांत गणवेशातला माणूस कोण आहे याने फरक पडतो. म्हणून जोयड्यासारख्या तालुक्यात कायम नोकरीवरचे गार्ड, फॉरेस्टर, पोलीस शिपाई आणि फौजदार म्हणून सिद्दी, कुणबी, गवळी तरुण येणे गरजेचे आहे. रोजंदारीच्या वॉचरवर बोळवण करून चालणार नाही. सात टक्क्यांच्या आत छोट्या जमातींसाठी वेगळा वाटा काढल्याशिवाय ते होणे कठीण.

दुसरा: वरच्या खुर्चीतला माणूस नियम बदलू शकतो आणि नियम मोडणाऱ्या आपल्याच माणसाला उघडे पाडू शकतो, तेवढे त्याने केले तरच त्याच्या तिथे असण्याला अर्थ. नुसते त्याचे छायाचित्र भिंतीवर लागून काही होत नाही, हे मुंबईने १९५५ मध्ये आणि मेम्फिसने २०२३ मध्ये दाखवले.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: जाब विचारण्याची यंत्रणा नसेल तर पहिले दोन्ही फोल. यातले बरेच काही कागदावर आधीच आहे. पळून जाऊ नये इतपतच बंधन अटकेत घालावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४६ वे कलम सांगते. अटक झालेल्याचे हक्क १९९६ च्या डी. के. बसू निकालाने ठरवून दिले. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला आणि कर्नाटकाने २०१२ मध्ये पोलीस कायदा दुरुस्त करून तशी तरतूद केली. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. हक्काच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे वन हक्क कायद्याचे कलम ४(५). पण तक्रार प्राधिकरणाचा आणि कॅमेऱ्याचा हा पहारा पोलिसांवर आहे. रानातल्या गणवेशावर नाही. जोयड्यात माणसाला रोज भेटणारा गणवेश तोच. म्हणून वनखात्याच्या बळासाठीही स्वतंत्र तक्रार प्राधिकरण हवे, आणि त्याच्या सुनावण्या कारवारला न होता जोयड्यात, कोंकणी-मराठी समजणाऱ्या माणसांसमोर व्हायला हव्यात. प्रतिनिधित्वाची मागणी करणाऱ्या प्रत्येक संघटनेने ही दुसरी मागणी तिच्या शेजारी लिहावी. एकीवाचून दुसरी अपुरी आहे.